कमी पेट्रोल जाळणाऱ्याला जास्त कर का?

माननीय परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२५ मध्ये व्हिक्टोरिस बाजारात आणली. तिच्या व्हीएक्सआय प्रकारातल्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत तेव्हा १३ लाख ३६ हजार होती आणि त्याच प्रकारातल्या स्ट्राँग हायब्रिडची १६ लाख ३८ हजार. प्रमाणित मायलेज पहिलीचं लिटरला २१.०६ किलोमीटर, दुसरीचं २८.६५. आपल्या आरटीओत दोघींनाही १२ टक्के मोटार वाहन कर लागतो. त्यामुळे पहिलीचा कर १ लाख ६० हजार होतो, दुसरीचा १ लाख ९६ हजारांच्या वर जातो. गाडी तीच, बांधणी तीच, धावणार त्याच रस्त्यांवर. पण जो माणूस कमी पेट्रोल जाळणारी गाडी निवडतो, त्याच्याकडून राज्य सरकार ३६ हजार रुपये जास्त घेतं. हे ३६ हजार कमी व्हावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत वाहनकर्जाचं काम बघत होतो. निवृत्त झालो तरी सोसायटीतली आणि नात्यातली मंडळी गाडी घेण्याआधी शोरूमचं कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या तोंडी एक प्रश्न सारखा येतो: काका, हायब्रिड घ्यावी का? बहुतेकांना इलेक्ट्रिक घ्यायची असते. पण जुन्या इमारतीत पार्किंगची जागा ठरलेली नसते, मीटरपासून तिथवर वायर ओढायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि गणपतीला कोकणात जाताना चार्जरसाठी रांगेत थांबायची मनाची तयारी नसते. सीएनजी घ्यावी तर पंपावर रांग आणि डिकीत टाकी. अशा घरांसाठी हायब्रिड हा खराखुरा पर्याय आहे. त्या पर्यायाची किंमत आणि त्याचे गुण कागदावर कसे उतरतात, ते आपल्यापुढे मांडतो, कारण कराचा मुद्दा त्यातूनच निघतो.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनासोबत चाकं फिरवू शकेल इतकी ताकदीची विजेची मोटार असते. मारुतीच्या ग्रँड विटारामध्ये आणि टोयोटाच्या हायरायडरमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ९२ पीएसचं. मोटारीसकट एकूण ताकद ११६ पीएस. बॅटरी पाऊण युनिट वीज मावेल एवढीच, ०.७६ किलोवॉट-तास. तिला बाहेरून चार्ज करावं लागत नाही. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की मोटार उलट काम करून वीज साठवते, आणि सिग्नलवर, संथ रांगेत, गल्लीबोळात गाडी इंजिन बंद ठेवून त्या विजेवर सरकते. म्हणजे जिथे साधी पेट्रोल गाडी सगळ्यात जास्त इंधन वाया घालवते, तिथेच ही वाचवते. वाकड ते हिंजवडी, सिंहगड रस्ता, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, मुंबईचा पश्चिम द्रुतगती मार्ग हे या गाडीचे रस्ते आहेत. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने सलग धावताना तिचा फायदा आटतो. कसाऱ्याच्या लांब चढावर छोटी बॅटरी लवकर रिकामी होते आणि इंजिन घरघरत एकट्याने ओढतं. घेणाऱ्याला मी हे आधीच सांगतो.

आता पैशांचं. वर दिलेल्या दोन व्हिक्टोरिसमध्ये किमतीचा फरक ३ लाख २ हजार, त्यावर आपला ३६ हजारांचा जादा कर, असे मिळून ३ लाख ३८ हजार. विमा बाजूला ठेवतो. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू आणि वापर महिन्याला १००० किलोमीटर. कंपनीने छापलेल्या मायलेजवर हिशेब केला तर महिन्याला साडेबारा लिटर वाचतं, म्हणजे जेमतेम १३०० रुपये. या गतीने जादा पैसे वसूल व्हायला एकवीस वर्षं लागतील. शोरूममधला हुशार ग्राहक मोबाइलवर हे गणित करतो आणि साधी पेट्रोल घेऊन घरी जातो.

पण छापलेलं मायलेज ज्या चाचणीतून येतं, तिच्यात पुण्याची संध्याकाळ नाही. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. भारतातल्या गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी ती एक. तिथे रोलरवर ठरलेल्या चक्रानुसार गाडी चालवली जाते. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, पौड रस्त्यावर, मोठी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी लिटरला ११ च्या आसपास येते आणि स्ट्राँग हायब्रिड २१ च्या आसपास, हा मला रोज चालवणाऱ्यांनी सांगितलेला अंदाज आहे. हा अंदाज धरला तर महिन्याला ४३ लिटर, म्हणजे साडेचार हजार रुपये वाचतात. एकवीस वर्षांचा हिशेब सव्वासहा वर्षांवर येतो.

तरीही प्रश्न सुटत नाही, कारण मध्यमवर्गीय माणूस गाडी रोखीने घेत नाही. जादा ३ लाख ३८ हजार सात वर्षांच्या कर्जात ९ टक्क्यांनी टाकले तर हप्ता सुमारे ५४०० रुपयांनी वाढतो. पेट्रोल वाचतं ४५०० चं. महिन्याला ९०० रुपये खिशातून जातात. घरखर्च, शाळेची फी, आईवडिलांची औषधं यांचा ताळमेळ बसवणारं कुटुंब इथे थांबतं. त्यांना पर्यावरणाची काळजी नाही असं कोणी म्हणू नये. हप्ता आणि बचत यांची तोंडमिळवणी होत नाही, इतकीच अडचण आहे.

आता याच हायब्रिडला १२ ऐवजी सीएनजी गाडीसारखा ९ टक्के कर लावून पाहा. कर १ लाख ४७ हजारांवर येतो. दोन गाड्यांमधला एकूण फरक २ लाख ८९ हजार उरतो आणि जादा हप्ता साधारण ४६५० रुपये होतो. वाचणाऱ्या ४५०० रुपयांच्या तो अगदी जवळ आहे. महिन्याला ११०० किलोमीटर फिरणाऱ्याला तर पहिल्या महिन्यापासून हायब्रिड परवडते. नऊशे रुपयांची ही दरी केवळ आपल्या खात्याच्या एका अधिसूचनेने जवळपास बुजते. मी हा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आहे. आपल्या अधिकाऱ्यांनीही तपासावा.

किंमत कमी होण्यात कंपन्यांचाही हात आखडता आहे, तेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रँड विटारा आली तेव्हा स्ट्राँग हायब्रिड फक्त वरच्या दोन प्रकारांत होती, १७ लाख ९९ हजार आणि १९ लाख ४९ हजार. ज्याला फक्त पेट्रोल वाचवायचं होतं, त्यालाही सोबत काचेच्या छताचे आणि इतर हौशीच्या गोष्टींचे पैसे मोजावे लागले. टोयोटाने त्याच वेळी हायरायडरची मधल्या प्रकारातली हायब्रिड १५ लाख ११ हजारांना दिली. यंत्र तेच, मायलेज तेच २७.९७, आणि दोन्ही गाड्या बंगळूरजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यात बनतात. त्या काळात मला विचारणाऱ्यांना मी डोळे मिटून हायरायडर सांगत असे. मारुतीने २०२५ च्या एप्रिलमध्ये ग्रँड विटाराच्या डेल्टा प्लस प्रकारात १६ लाख ९९ हजारांना हायब्रिड दिली, सहा एअरबॅग सगळ्या प्रकारांत आल्या, आणि नंतर व्हिक्टोरिस आली. तिला भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे आहेत. आज माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यात समंजस खरेदी म्हणजे व्हिक्टोरिसचा हायब्रिडमधला सगळ्यात खालचा प्रकार. त्यावरच्या प्रकारांत मिळणाऱ्या वाढीव गोष्टींचे पैसे पेट्रोलमधून कधीच निघत नाहीत.

होंडा सिटी ई:एचईव्ही ही यात सगळ्यात आधी आलेली, मे २०२२ मध्ये १९ लाख ४९ हजारांना. चालवायला ती या सगळ्यांत सरस आहे, १२६ पीएसची, आणि समोरच्या गाडीचा वेग पाहून स्वतः वेग सांभाळणारी यंत्रणा तिच्यात पहिल्यापासून आहे. अडचण डिकीची. साध्या सिटीत ५०६ लिटर जागा, हायब्रिडमध्ये ३०६. बॅटरीने दोन मोठ्या बॅगांची जागा खाल्ली. हायरायडर आणि ग्रँड विटारातही शंभरेक लिटर जागा कमी होते. चार माणसं आठ दिवसांसाठी गावी निघाली की हा फरक जाणवतो, आणि कोटेशनच्या कागदावर तो कुठेच लिहिलेला नसतो. बॅटरीची भीती मात्र बाळगायचं कारण नाही. मारुती, टोयोटा आणि होंडा तिघीही हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि मारुतीची इन्व्हिक्टो चांगल्या आहेत, पण आल्या तेव्हापासूनच त्यांच्या हायब्रिड २४ लाखांच्या वर. परवडणाऱ्या गाड्यांच्या चर्चेत त्यांना जागा नाही, आणि त्यांच्यासाठी मी सवलत मागतही नाही.

इथे एका घोळाकडे आपलं लक्ष वेधतो. बाजारात 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' नावाच्याही गाड्या आहेत. ग्रँड विटाराचं साधं पेट्रोल इंजिनही याच नावाने विकलं गेलं. अशा गाडीतली छोटी मोटार इंजिनाला पट्ट्याने जोडलेली असते. ती इंजिन चालू करायला आणि वेग घेताना किंचित हातभार लावायला उपयोगी पडते, पण गाडी एक फूटही विजेवर चालू शकत नाही. ग्राहकाला मात्र दोन्हींवर 'हायब्रिड' हाच शब्द दिसतो. एका ओळखीच्या बाईंनी अशी गाडी घेतली आणि सिग्नलवर ती विजेवर का चालत नाही म्हणून त्या शोरूममध्ये भांडायला गेल्या. हा घोळ केंद्र सरकारनेही एकदा घातला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या फेम या अनुदान योजनेत मारुतीच्या सिआझ आणि अर्टिगाच्या माइल्ड हायब्रिडना अनुदान मिळालं. एप्रिल २०१७ मध्ये ते थांबवावं लागलं. म्हणून माझी विनंती फक्त स्ट्राँग हायब्रिडपुरती आहे. ती ओळखायला नवी समिती नको. गाडी नोंदवताना 'वाहन' पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात 'स्ट्राँग हायब्रिड ईव्ही' हा पर्याय आधीच आहे.

केंद्राच्या जीएसटीचा प्रश्न आपल्या हातात नाही, पण त्याचा परिणाम आपल्या टेबलावर येतो. २०१७ पासून हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता आणि त्याच आकाराच्या दीड लिटर पेट्रोल गाडीवर ४५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ४० टक्के झाला. पेट्रोल गाडीचा कर पाच टक्के घटला, हायब्रिडचा तीन, आणि दोन टक्क्यांचा जो छोटा आधार हायब्रिडला होता तो गेला. चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के दर आहे, पण २०२५ संपेपर्यंत त्या मापात बसणारी एकही स्ट्राँग हायब्रिड भारतात विक्रीला नव्हती. इलेक्ट्रिक गाडीला मात्र पाच टक्के, मग ती दहा लाखांची असो की एक कोटीची. गाडी किती लांब आहे आणि इंजिन किती सीसीचं आहे यावरून कर ठरतो. ती किती इंधन जाळते हे कुठेच मोजलं जात नाही. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा आवाज मोठा आहे. तो या बाबतीत उठावा असं मला वाटतं, पण त्याची वाट बघत राज्याने स्वतःचं काम थांबवू नये.

राज्याचं काम म्हणजे मोटार वाहन कर. पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ आणि १३ टक्के. सीएनजीला ७ ते ९ होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यात एक टक्का वाढ झाली, तरी पेट्रोलपेक्षा तीन टक्के कमीच. इलेक्ट्रिकला माफी. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर लावायचा प्रस्ताव त्याच अर्थसंकल्पात होता, तोही मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. आलिशान इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला संपूर्ण माफी आणि सोळा लाखांची हायब्रिड हप्त्यावर घेणाऱ्याला पूर्ण बारा टक्के, ही मांडणी मला न्यायाची वाटत नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर पूर्ण माफ केला होता. मी तेवढं मागत नाही. हायब्रिड शेवटी पेट्रोलवरच चालते, तिला इलेक्ट्रिकच्या पंक्तीला बसवणं चुकीचं ठरेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिलीत, ती योग्यच आहे. हायब्रिडला ती देऊ नये, कारण त्या मोकळ्या रस्त्यांवर ती इतर गाड्यांसारखीच पेट्रोल जाळते. तिला सीएनजीच्या ओळीत बसवा, इतकंच म्हणणं आहे.

याला दोन आक्षेप येतील हे मला माहीत आहे. पहिला इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्यांचा. टाटांची नेक्सॉन रांजणगावला बनते, महिंद्रांच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला. या दोन्ही कंपन्यांनी हायब्रिडच्या सवलतींना उघड विरोध केला आहे, आणि आपल्याच राज्यातल्या कारखान्यांचं म्हणणं आपण ऐकलं पाहिजे. पण ज्याच्या पार्किंगमध्ये चार्जर लागू शकत नाही, तो माणूस हायब्रिड महाग झाली म्हणून इलेक्ट्रिक घेत नाही. तो साधी पेट्रोल घेतो. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत मला हेच दिसत आलं आहे. शिवाय ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात वीस हजार कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तो इलेक्ट्रिक आणि हायब्रिड अशा दोन्ही गाड्यांसाठी. मराठवाड्यात हायब्रिडचा कारखाना बोलावायचा आणि त्याच राज्यात त्या गाडीला साध्या पेट्रोल गाडीचा कर लावायचा, यात धोरण एकच राहत नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. पेट्रोलवर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. पेट्रोल कमी विकलं गेलं तर हे उत्पन्न घटणार, आणि नोंदणीचे तीन टक्केही जाणार. हा तोटा खरा आहे. पण जे पेट्रोल वाचतं त्याचं कच्चं तेल आपण परदेशातून डॉलर मोजून आणतो; देशाची पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त गरज आयातीवर भागते. आणि कोंडीत उभ्या असलेल्या शेकडो गाड्यांची इंजिनं बंद राहिली तर त्याचा लाभ शेजारून चालणाऱ्या, दुचाकीवरच्या, बसथांब्यावरच्या प्रत्येकाला होतो. लाडक्या योजनांसाठी राज्य एवढा खर्च उचलतं, तर वीस लाखांखालच्या हायब्रिडवरचे तीन टक्के सोडणं त्याला जड नाही. सवलत कायमची नको असेल तर इलेक्ट्रिक वाहन धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे, तोवरच द्या.

आणखी एक गोष्ट आपल्या खात्याने करावी, तिला पैसा लागत नाही. शोरूममध्ये प्रत्येक हायब्रिड गाडीच्या काचेवर ती माइल्ड आहे की स्ट्राँग हे मराठीत ठळक लिहिणं बंधनकारक करा. सोबत डिकीची जागा आणि बॅटरीची हमीही लिहायला लावा. केंद्राने शहरातलं आणि महामार्गावरचं मायलेज वेगळं छापावं, असा पाठपुरावा राज्याने करावा. हे आकडे समोर असतील तर ग्राहकाला माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडे कोटेशन घेऊन यावं लागणार नाही.

महोदय, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मोटार वाहन कराच्या तक्त्यात एक ओळ वाढवा: वीस लाखांपर्यंतच्या स्ट्राँग हायब्रिड मोटारींना सीएनजीचा दर. सोळा लाखांच्या गाडीवर त्याने एका कुटुंबाचे ४९ हजार रुपये वाचतील, आणि आज जो हप्ता परवडत नाही तो परवडेल.

आपला,
एक वाहन करदाता
पुणे